कारखान्याच्या फायर टीमसाठी सक्षमता-आधारित प्रशिक्षण: पैसे मोजण्याआधी काय तपासावं

पाच दिवस, चाळीस तास, शंभर टक्के हजेरी, शेवटच्या दिवशी गटाचा फोटो आणि हातात प्रमाणपत्र. कारखान्यांच्या इमर्जन्सी टीमला अशा साच्यातलं प्रशिक्षण देणाऱ्या संस्था भरपूर आहेत, आणि आता त्यांच्या माहितीपत्रकांवर 'सक्षमता-आधारित' हा शब्द सर्रास दिसतो. आम्ही इथे परीक्षण करतोय ते कुणा एका संस्थेचं नाही, या नावाने विकल्या जाणाऱ्या सेवेचं. ती खरी असेल तर इतका सत्कारणी लागणारा दुसरा खर्च सापडणं कठीण. नुसतं नाव बदललेलं असेल तर जुना कोर्सच जास्त दराने घेतल्यासारखं होतं.

फरक कुठे आहे ते आधी बघू. जुन्या पद्धतीत माणूस किती तास बसला ते मोजतात. सक्षमतेच्या पद्धतीत एकच प्रश्न असतो: हे काम, ही साधनं आणि अशी परिस्थिती दिली, तर हा माणूस ठरलेल्या दर्जाने, कुणी न सांगता, ते करतो का? म्हणजे प्रत्येक कामाचे तीन भाग कागदावर उतरलेले हवेत: काय दिलं जाईल, काय करायचं, आणि कशाला 'झालं' म्हणायचं. एनएफपीए 1081 हे कारखान्यांतल्या फायर ब्रिगेडच्या सदस्यांच्या पात्रतेचं अमेरिकी मानक याच धाटणीने लिहिलेलं आहे. त्यात कामगिरीच्या अपेक्षा आहेत, आणि प्रत्येक अपेक्षेखाली त्यासाठी लागणारं ज्ञान व कौशल्य वेगळं मांडलेलं आहे. प्राथमिक अवस्थेतली आग हाताळणारा, बाहेरच्या मोठ्या आगीवर काम करणारा, इमारतीत शिरणारा आणि टीमचा लीडर, या सगळ्यांच्या अपेक्षाही वेगवेगळ्या आहेत.

म्हणून संस्थेकडे चौकशी करताना अभ्यासक्रम मागू नका. मूल्यमापनाचा कोरा फॉर्म मागा. एखाद्या फॉर्मवर 'फोम वापरता येतो: हो / नाही' एवढीच ओळ असली, तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. चांगला फॉर्म कसा असतो हे फोमच्याच उदाहरणावरून कळतं, आणि ते जरा सविस्तर बघायला हवं, कारण कारखान्यातल्या आगीत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

फोमची लाइन: एका कामाची पूर्ण परीक्षा

काम साधं वाटतं. हायड्रंटपासून होज टाकायचा, मध्ये इनलाइन इंडक्टर (वाहत्या पाण्याच्या ओढीने फोम खेचून त्यात मिसळणारं साधन) जोडायचा, त्याची नळी फोमच्या कॅनमध्ये सोडायची, पुढे होज आणि फोमची ब्रँच (ज्यातून झोत बाहेर पडतो ते तोंड). पाणी सोडलं की फोम यायला हवा. पण बऱ्याचदा येतं ते नुसतं पांढुरकं पाणी. कारणं ठरलेली आहेत, आणि ती शोधता येणं हीच सक्षमता.

पहिलं कारण म्हणजे इंडक्टर आणि ब्रँच यांचा प्रवाह न जुळणं. 400 लिटर प्रतिमिनिटाच्या इंडक्टरपुढे 200 ची ब्रँच लावली की पुढून उलटा दाब येतो आणि नळीतली ओढ संपते. दुसरं कारण दाबाचं. इंडक्टरच्या तोंडाशी साधारण 7 बार दाब लागतो, आणि पुढचा उलटा दाब त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास गेला की इंडक्टर फोम ओढणं थांबवतो. म्हणजे इंडक्टरच्या पुढे फार लांब होज टाकला, ब्रँच घेऊन कुणी वरच्या प्लॅटफॉर्मवर चढलं, होजला पीळ पडला किंवा ब्रँच अर्धीच उघडली, तर परिणाम एकच. तिसरं, कॅन इंडक्टरपासून फार खाली असणं. सुमारे 1.8 मीटरपेक्षा जास्त उंचीवर फोम ओढून घेण्याची अपेक्षा ठेवू नये. चौथं कारण सगळ्यात लाजिरवाणं: मागच्या सरावानंतर इंडक्टर स्वच्छ पाण्याने धुतला नाही, आतला फोम वाळला आणि पाणी उलटं कॅनमध्ये जाऊ न देणारी नॉन-रिटर्नची गोळी जागेवर चिकटली. ज्या फॉर्ममध्ये 'काम संपल्यावर नळी स्वच्छ पाण्यात बुडवून इंडक्टर धुतला' ही स्वतंत्र ओळ असते, तो फॉर्म लिहिणाऱ्याने हे काम हाताने केलेलं असतं.

आता हिशेबाचा भाग. 400 लिटर प्रतिमिनिट आणि 3 टक्के म्हणजे मिनिटाला 12 लिटर कॉन्सन्ट्रेट (पाण्यात न मिसळलेला, कॅनमधला फोम). 20 लिटरचा कॅन एक मिनिट चाळीस सेकंदांत रिकामा. प्रशिक्षणार्थीने दुसरा कॅन झाकण उघडून शेजारी ठेवलेला नसेल तर फोम तुटतो, मागोमाग साधं पाणी येतं, आणि आत्तापर्यंत अंथरलेली फोमची चादर तेच पाणी फाडून टाकतं. आग पुन्हा पसरते. 100 चौरस मीटरचं हायड्रोकार्बनचं सांडलेलं तेल धरा. फिल्म बनवणाऱ्या (तेलावर पाण्याचा पातळ थर पसरवणाऱ्या) फोमसाठी प्रचलित दर 4.1 लिटर प्रतिमिनिट प्रतिचौरस मीटर, वेळ 15 मिनिटं. म्हणजे मिनिटाला 410 लिटर द्रावण, एकूण 6,150 लिटर, आणि 3 टक्क्यांनी जवळजवळ 185 लिटर कॉन्सन्ट्रेट. दहा कॅन जागेवर आल्याशिवाय फोमचा हल्ला सुरू करायचा नाही. अपुऱ्या फोमने सुरुवात केली तर आहे तो साठाही वाया जातो. चांगल्या संस्थेत लाइन टाकायला सांगण्याआधी प्रशिक्षणार्थीला क्षेत्रफळ देतात आणि 'किती कॅन लागतील' ते विचारतात. उत्तर चुकलं तर पुढची लाइन कितीही सफाईने टाकली तरी ते काम 'अजून सक्षम नाही' यातच मोडतं.

याच्याही पुढे जाणाऱ्या संस्था ब्रँचमधून आलेल्या द्रावणाचा नमुना घेऊन रिफ्रॅक्टोमीटरवर टक्केवारी मोजतात. 3 टक्क्यांच्या फोमसाठी नमुना 3 ते 3.9 मध्ये बसायला हवा. एवढं केलं की 'फोम छान दिसत होता' या शेऱ्याला जागाच राहत नाही.

कोणत्या द्रवावर कोणता फोम, हा प्रश्नही फॉर्ममध्ये हवा. इथेनॉल, ॲसिटोनसारखी पाण्यात मिसळणारी द्रवं साध्या फोममधलं पाणी शोषून चादर विरघळवतात. तिथे अल्कोहोल-रेझिस्टंट फोम लागतो, आणि काही फोमना हायड्रोकार्बनवर 3 टक्के तर अशा द्रवांवर 6 टक्के असं वेगळं प्रमाण असतं. इंडक्टरवरचा आकडा फिरवायचा राहून गेला की बाकी सगळं बरोबर करूनही फोम टिकत नाही.

फ्लोरीनविरहित फोमबद्दल एक सांगायलाच हवं. फ्लोरीनयुक्त फोममधली पीएफएएस रसायनं मातीत आणि पाण्यात वर्षानुवर्षं टिकून राहतात, म्हणून सरावाच्या मैदानावर फ्लोरीनयुक्त फोम वापरणारी संस्था सरळ नाकारावी. पण कारखान्याने टाकीतला फोम बदलला आणि प्रशिक्षण जुनंच राहिलं, तर नवी अडचण उभी राहते. फ्लोरीनविरहित फोम तेलावर पाण्याची फिल्म पसरवत नाही, तो केवळ चादरीच्या जोरावर काम करतो. झोत तेलात खुपसला की फोममध्येच तेल मिसळतं. त्यामुळे समोरच्या भिंतीवर मारून ओघळू देणं, जमिनीवर मारून पुढे लोटणं किंवा उंचावरून पावसासारखा पाडणं, या तिन्ही पद्धती हाताच्या सवयीत बसलेल्या हव्यात. दर आणि वेळही त्या फोमच्या चाचणीनुसार धरावी लागते. वर दिलेला 4.1 चा आकडा डोळे मिटून त्याला लावायचा नाही.

श्वासयंत्र: शिट्टीची वाट बघणारे

बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या सिलेंडरचं श्वासयंत्र, एका मिनिटात अंगावर चढवणं हे बहुतेक संस्था शिकवतात, आणि घड्याळ लावून घेतात. त्यात तक्रार नाही. पण एका मिनिटाच्या हौसेत तपासणी उरकून टाकली जाते. सिलेंडर उघडून गेजवर दाब वाचायचा. 300 बारच्या सिलेंडरमध्ये 270 च्या खाली असेल तर तो बदलायचा. मग व्हॉल्व बंद करून एक मिनिट गेजकडे बघायचं, दाब 10 बारपेक्षा जास्त उतरता कामा नये. नंतर हवा सावकाश सोडत 55 बारच्या आसपास हवा संपत आल्याची शिट्टी वाजते का ते ऐकायचं. मास्क लावून सील तपासायची. दाढी वाढलेली असेल तर सील बसतच नाही, आणि याबाबत भिडस्तपणा करणारा प्रशिक्षक नको.

खरी उणीव दिसते ती हवेच्या हिशेबात. 6.8 लिटरचा सिलेंडर 300 बारला म्हणजे सुमारे 2,040 लिटर हवा. कागदावर मिनिटाला 40 लिटर धरले की 51 मिनिटं. पण शिट्टीच्या वरची हवा 1,666 लिटर. त्यात माणूस होज ओढतोय, जिना चढतोय, घाबरलेला आहे. मिनिटाला 80 लिटर लागले तर 20 मिनिटांतच शिट्टी. शिवाय शिट्टीला बाहेर असायचं असतं, शिट्टी ऐकून निघायचं नसतं. आत जाताना 70 बार खर्च झाले तर परतायला निदान तेवढेच लागणार. म्हणजे परत फिरण्याआधी दाब 125 बारच्या खाली गेला की उशीर झालेला आहे, आणि सोबत बेशुद्ध माणूस ओढून आणायचा असेल तर त्याच्याही खूप आधी. ज्या कोर्समध्ये प्रत्येक प्रशिक्षणार्थीचा स्वतःचा हवा-खर्च मोजून त्याच्या नोंदीत लिहितात, त्या कोर्सला आम्ही पहिल्या रांगेत बसवतो. शिफ्ट इनचार्जला तो आकडा माहीत असेल तर आत कुणाला आणि किती वेळ पाठवायचं याचा निर्णय अंदाजावर राहत नाही.

प्रवेशद्वारावर बीए कंट्रोल बोर्ड सांभाळणं हे स्वतंत्र काम म्हणून तपासलं जातं का, हेही विचारा. जोडीची नावं, आत गेल्याची वेळ, सुरुवातीचा दाब, शिट्टीची अपेक्षित वेळ. हा बोर्ड बऱ्याच ठिकाणी 'जो मोकळा असेल त्याच्या' हाती देतात. वेळेवर बाहेर न आलेल्या जोडीची आठवण ठेवणारा तो एकटाच माणूस असतो.

गॅसची आग आणि व्हॉल्व

एलपीजी किंवा तत्सम दाबाखालच्या गॅसची आग हा प्रत्येक फायर ग्राउंडचा सगळ्यात देखणा भाग. दोन होज, रुंद फवारा, दोन्ही फवाऱ्यांचे पंखे एकमेकांवर चढलेले, मध्ये लीडर, सगळे एका पावलाने पुढे सरकतात, लीडर हात घालून व्हॉल्व बंद करतो, आणि तोंड आगीकडेच ठेवून सगळे मागे येतात. बघायला थरारक. मूल्यमापन मात्र तीन-चार बारीक गोष्टींवर व्हायला हवं.

फवारा लवकर अरुंद केला की ज्वाळा बाजूने आत शिरते. मागच्या होजवाल्यांनी होज पुढे सरकवला नाही तर नोझलवाला ओढ लागून अर्ध्यावर अडकतो आणि दोन फवाऱ्यांमध्ये फट पडते. माघार घेताना कुणी वळून पाठ दाखवली तर तो थेट नापास, कारण व्हॉल्व पूर्ण बंद झाला नसेल तर ज्वाळा परत उसळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पुरवठा बंद होण्याआधी ज्वाळा विझवली तर ते यश मानायचं नाही. गळती चालूच असते. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो, हवेत 2.1 टक्के झाला की पेट घेऊ शकतो. जळणारी गळती निदान डोळ्यांना दिसते. न जळणारी कुठवर पोचली ते डिटेक्टरशिवाय कळत नाही.

सरावाच्या प्रॉपवरचा (आगीसाठी उभारलेल्या नकली सांगाड्यावरचा) व्हॉल्व बहुधा खोटा असतो, गॅस खरा बंद करतो तो कंट्रोल पॅनलवरचा प्रशिक्षक. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण प्रॉपचं चाक दोन फेऱ्यांत बंद होत असेल तर प्रशिक्षणार्थीच्या अंगात चुकीचा अंदाज भिनतो. प्रत्यक्षात 6 इंची गेट व्हॉल्व पूर्ण बसायला वीसेक फेरे लागतात, तेही जाड हातमोज्यांनी, तापलेल्या चाकावर, वाकून. तेवढा वेळ दोन्ही नोझलवाल्यांनी फवारा एका जागी धरून ठेवायचा असतो. मूल्यमापक पॅनलवाल्याला 'वीस फेरे होईपर्यंत गॅस तोडू नको' असं सांगतो का? एवढ्या एका गोष्टीने सराव आणि देखावा यातलं अंतर कळतं.

माघार हीसुद्धा परीक्षा

4 जानेवारी 1966 ला फ्रान्समध्ये लिऑनजवळच्या फेझँ इथल्या रिफायनरीत प्रोपेनच्या गोलाकार टाकीतून पाणी काढताना गळती झाली आणि आग लागली. आलेल्या अग्निशामकांनी शेजारच्या टाक्या थंड करण्यावर पाणी वापरलं. जळणाऱ्या टाकीला तिचा रिलीफ व्हॉल्व सांभाळेल असा समज होता. सुमारे दीड तासाने ती टाकी फुटली. 18 माणसं गेली, त्यात अग्निशामक होते. रिलीफ व्हॉल्व आतला दाब कमी करतो, पण द्रवाच्या पातळीवरचा कोरडा पत्रा ज्वाळेने तापून मऊ होतो आणि नेहमीच्या दाबालाही टिकत नाही. हे ज्ञान शारीरिक कौशल्यातून येत नाही.

17 एप्रिल 2013 ला टेक्ससमधल्या वेस्ट या गावी खताच्या गोदामाला आग लागली. खबर मिळाल्यापासून सुमारे वीस मिनिटांत अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. 15 मृतांपैकी 12 जण मदतीला धावलेले होते. आतला माल काय करू शकतो याचं प्रशिक्षण नसणं हे चौकशीत ठळकपणे पुढे आलं.

म्हणून सेवेचं मोल ठरवताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो: तुमच्या परीक्षेत असा एखादा प्रसंग आहे का, जिथे बरोबर उत्तर 'मागे हटा' हे आहे? टाकीच्या वरच्या कोरड्या भागावर ज्वाळा थेट लागतेय, रिलीफ व्हॉल्वचा आवाज चढत चाललाय, पत्र्याचा रंग बदलतोय, आणि ज्वाळा लागते त्या जागी मिनिटाला 1,900 लिटर पाणी पोचवायची सोय नाही. इथे लीडरने मॉनिटर (कुणी न धरता पाणी मारत राहणारी तोफ) लावून, बांधून, माणसं काढून घेतली तर तो उत्तीर्ण. धाडस दाखवून पुढे गेला तर नाही. बहुतेक कोर्सची रचना अशी असते की प्रत्येक आग शेवटी विझतेच. दहा वेळा विझलेली आग बघून परतलेला माणूस अकराव्या वेळी कशाच्या जोरावर थांबेल?

लीडरच्या प्रशिक्षणात टेबलटॉप (टेबलावर बसून प्रसंग सोडवण्याचा सराव) आणि सिम्युलेटर यांचा चांगला उपयोग होतो. पहिल्या पाच मिनिटांत त्याने कंट्रोल रूमला काय कळवलं, वारा विचारला का, प्लँट ऑपरेटरला शेजारी घेतलं का, हजेरीचा आकडा मागितला का, हे सगळं रेकॉर्ड होतं आणि परत ऐकवता येतं. स्वतःचाच गोंधळलेला रेडिओ संदेश ऐकल्यावर माणूस जे शिकतो ते व्याख्यानात शिकत नाही.

मैदान

मैदानाची सुरक्षा ही सेवेची वेगळी बाजू नाही, ती संस्थेच्या स्वतःच्या सक्षमतेचा पुरावा आहे. प्रत्यक्ष आगीच्या सरावाचं एनएफपीए 1403 हे मानक पाच प्रशिक्षणार्थींमागे किमान एक प्रशिक्षक मागतं. हल्ल्याच्या (आग विझवणाऱ्या) लाइनला आणि राखीव लाइनला पाण्याचा स्रोत वेगवेगळा मागतं. जिवंत माणसाला 'अडकलेला रुग्ण' म्हणून आगीत ठेवायला मनाई करतं. भेटीच्या दिवशी हे तिन्ही डोळ्यांनी दिसायला हवं. वीस जणांच्या तुकडीला दोन प्रशिक्षक आणि दोन्ही लाइन एकाच पंपावर दिसल्या, तर बाकी काही बघायची गरज नाही. विश्रांतीची जागा सावलीत आहे का, तिथे बसल्यावर नाडी आणि तापमान बघणारं कुणी आहे का, हेही बघा. फायर सूट आणि बीए घालून दोन सिलेंडर संपवलेल्या माणसाला निदान वीस मिनिटं सूट उतरवून बसवायलाच हवं.

गॅस डिटेक्टरचा भाग अनेक ठिकाणी अर्ध्या तासात गुंडाळतात, ही तक्रार आम्ही जोर देऊन नोंदवतो. मोजण्याचा क्रम ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू, असाच का? कारण ज्वलनशील वायू मोजणाऱ्या प्रचलित कॅटॅलिटिक सेन्सरला काम करायला ऑक्सिजनच लागतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत तो शून्याच्या जवळ दाखवेल आणि माणूस निर्धास्त होईल. वापरण्याआधी बंप टेस्ट (थोडा चाचणी वायू देऊन यंत्र प्रतिसाद देतं का ते बघणं), नळी लांब असेल तर वायू सेन्सरपर्यंत पोचायला द्यायचा वेळ, वर-मध्ये-खाली तीन पातळ्यांवर मोजणी. हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत वासावर विसंबायचं नाही, कारण 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. यातलं प्रत्येक पाऊल हातात यंत्र देऊन तपासण्याजोगं आहे. लेखी परीक्षेत चार पर्यायांतून निवडायला लावून ते कळत नाही.

या पद्धतीत काय खटकतं

आम्ही या पद्धतीच्या बाजूचे आहोत, म्हणूनच तिची कमजोरी नीट सांगायला हवी. काम तुकड्यांत मोडून प्रत्येक तुकडा वेगळा तपासला की फॉर्म सुबक होतात, पण आग तुकड्यांत येत नाही. बीए चढवणं उत्तीर्ण, होज टाकणं उत्तीर्ण, फोम उत्तीर्ण, रेडिओ उत्तीर्ण. हे चारही एकदम करायला सांगितलं, अंधारात, वाऱ्याची दिशा बदलत असताना, की तोच माणूस रेडिओवर बोलायचं विसरतो आणि कॅन संपल्याचं त्याच्या लक्षात येत नाही. म्हणून सुटी युनिट (एकेका कामाचे तुकडे) संपल्यावर एकत्रित प्रसंगाची परीक्षा सक्तीची हवी, आणि तिचा निकाल सुट्या युनिटांच्या निकालाहून वजनदार धरायला हवा. करारात ही ओळ घालून घ्या.

दुसरा दोष माणसांचा. शिकवणारा आणि तपासणारा एकच असेल तर हात आखडतो. चार दिवस ज्याच्याबरोबर चहा घेतला त्याला पाचव्या दिवशी 'अजून सक्षम नाही' लिहिणं जड जातं. त्यातून ग्राहक कंपनीला सगळे पास हवे असतात. मूल्यमापक वेगळा असावा. त्याच्या निकालांचा नमुना तिसऱ्या कुणीतरी पडताळावा. मागच्या तुकड्यांत किती जणांना पुन्हा परीक्षा द्यावी लागली, हे संस्थेला विचारा. 'आमच्याकडे सगळे पास होतात' असं अभिमानाने सांगणाऱ्या संस्थेकडून तुम्हाला हवी ती माहिती मिळालेली आहे.

तिसरा दोष: नोंदी. प्रत्येक युनिटच्या नोंदीत तारीख, वारा, इंधन, वापरलेली साधनं, किती वेळा सूचना द्यावी लागली, कुठे चुकला, आणि मूल्यमापक व प्रशिक्षणार्थी दोघांच्या सह्या हव्यात. एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईने, वीस जणांचे सारखेच शेरे असलेली फाइल कुठल्याही चौकशीत टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे ती तुमच्याच शिफ्ट इनचार्जला फसवते.

अनुभवी माणसांसाठी आधीच्या कौशल्याला मान्यता देण्याची सोय ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू. वीस वर्षं पंप चालवणाऱ्याला पंपाच्या वर्गात बसवायचं कारण नाही, त्याने सरळ परीक्षा द्यावी. पण मान्यता म्हणजे परीक्षेतून सूट नव्हे. अनुभवी हातांत जुन्या चुकाही मुरलेल्या असतात, आणि इंडक्टर न धुणं ही त्यातली नेहमीची.

कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये

ज्या कारखान्याचं धोरण 'एक्स्टिंग्विशर आणि छोट्या होजने जमलं तर विझवा, नाहीतर बाहेर पडा' असं आहे, त्याने पाच दिवसांचा आगीचा कोर्स घेऊ नये. त्याला एका दिवसात, स्वतःच्या आवारात, प्राथमिक पातळीची युनिट पुरतात. त्या माणसांना बाहेर जळत्या प्रॉपवर नेऊन आणलं तर उलट नसती उमेद तयार होते, ज्यासाठी सूटही नाही आणि बीएही नाही.

ज्यांच्याकडे टँक फार्म, गॅसचे बुलेट (आडव्या टाक्या), सॉल्व्हंटची गोदामं आहेत आणि बाहेरची मदत पोचायला वेळ लागतो, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. आधी एक काम मात्र स्वतः करावं. आपल्या आवारातल्या पाच-सहा संभाव्य प्रसंगांची यादी काढायची, प्रत्येकात कोण काय करतं ते लिहायचं, आणि त्यावरून युनिट निवडायची. संस्थेच्या तयार पॅकेजमधून निवड केली तर जहाजावरच्या आगीची युनिट शिकून येतात आणि स्वतःच्या अमोनिया प्लँटमधलं गळती रोखण्याचं काम राहून जातं.

आणखी एक. मैदानावर ज्या बनावटीचा बीए, ज्या कपलिंगचा होज आणि ज्या प्रवाहाची ब्रँच वापरली, तीच तुमच्या फायर स्टेशनात आहे का? नसेल तर परत आल्यावर पहिल्या आठवड्यातच आपल्या साधनांवर तीच युनिट पुन्हा तपासून घ्यावी लागतात. मूल्यमापक एक दिवस कारखान्यात यायला तयार आहे का, हे दर ठरवण्याआधी विचारा.

मुदतीचा प्रश्न शेवटी येतो आणि नेमका तोच घाईत मिटवतात. प्रमाणपत्रावर दोन-तीन वर्षांची मुदत असली तरी हाताची सवय तेवढी टिकत नाही. अमेरिकेतला कामगार सुरक्षेचा नियमसुद्धा कारखान्याच्या ब्रिगेडला वर्षातून एकदा, आणि इमारतीत शिरून आग विझवणाऱ्यांना दर तिमाहीत प्रशिक्षण मागतो. संस्थेने प्रत्येक युनिटमागे अर्ध्या तासाचं सरावपत्रक दिलं पाहिजे, जे शिफ्टवर बाहेरच्या मदतीशिवाय करता येईल: इंडक्टर जोडा, दोन मिनिटं चालवा, दोन मिनिटांत किती लिटर गेलं ते मोजा, धुवा, सही करा. यासाठी फोमही खर्चायला नको, कॅनमध्ये पाणी ठेवलं तरी ओढ लागते की नाही ते दिसतं. 400 चा इंडक्टर 3 टक्क्यांवर दोन मिनिटांत साधारण 24 लिटर ओढतो, म्हणून दोन कॅन भरून ठेवा, आणि आकडा बराच कमी आला तर त्याच दिवशी इंडक्टर खोलून गोळी बघा.